उन्हाचे डाग, उजेडाचे औषध आणि आपली सावळी कातडी



घरात लग्न निघाले की आपल्याकडे तीन गोष्टींची चर्चा हमखास होते : हॉल, दागिने आणि चेहरा. पहिल्या दोन गोष्टींसाठी वडीलधारी मंडळी चार ठिकाणी चौकशी करतात, घासाघीस करतात, मगच पैसे मोजतात. तिसरीच्या बाबतीत मात्र मॉलमधल्या पहिल्या गोडबोल्या मुलीवर विश्वास टाकून दहा बैठकांचे पॅकेज एका दमात घेतले जाते. सोने पारखून घ्यायचे आणि कातडी मात्र न पारखता दुसऱ्याच्या हाती द्यायची, ही उलटी रीत आम्हांला अलीकडे फार खटकू लागली आहे. म्हणून आज या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

निमित्त घरचेच आहे. आमच्या नात्यातील एक भगिनी पन्नाशीला टेकल्या आहेत. दोन्ही गालांवर बरीच वर्षे तपकिरी वांग होता. मुलाचे लग्न सहा आठवड्यांवर आले, आणि फोटोत चेहरा स्वच्छ दिसावा या साध्या इच्छेने त्यांनी एका पार्लरमध्ये ‘लाइट ट्रीटमेंट’ घेतली. उन्हाने खराब झालेली कातडी प्रकाशाने पुन्हा तरुण होते, असे तिथे त्यांना सांगण्यात आले. मशीन हाती घेतलेल्या मुलीने गालावर नेमके काय आहे ते विचारले नाही, कोणती औषधे चालू आहेत ते विचारले नाही. आदल्याच रविवारी या बाई ईस्ट कोस्टला नातेवाइकांबरोबर दिवसभर उन्हात होत्या, तेही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गालांवर मशीनच्या तोंडाच्या आकाराचे चौकोनी पट्टे उमटले होते. लग्नात त्या मेकअपच्या जाड थराआड वावरल्या. पट्टे पुसट व्हायला आठ महिने लागले, आणि मूळचा वांग पूर्वीपेक्षा गडद होऊन बसला.

त्या पार्लरचे नाव आम्ही घेत नाही. आम्हांला बोलायचे आहे ते आपल्या स्वतःच्या अज्ञानाविषयी, कारण त्या दिवशी त्या भगिनींबरोबर आम्हीही होतो, आणि एकही प्रश्न आम्हांला सुचला नव्हता.

प्रथम आपल्या उन्हाकडे पाहू. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १४० किलोमीटरवर आहे. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि एरवीही तो फार दूर जात नाही. पुण्या-साताऱ्याकडे थंडीत ऊन मवाळ होते, कोकणात पावसाळ्याचे चार महिने आभाळ त्याला झाकून टाकते. या बेटावर मात्र कातडीला वर्षभर सुट्टी नाही. सूर्याच्या अतिनील किरणांची तीव्रता मोजण्याचा जो निर्देशांक आहे, त्यात ११ व त्यावरचा आकडा ‘अति तीव्र’ समजतात. आपल्याकडे दुपारी तो अनेकदा तिथवर पोहोचतो. पातळ ढगांतूनही हे किरण बरेचसे खाली येतात, म्हणून ‘आज तर ऊनच नव्हते’ हा आपला आवडता युक्तिवाद खोटा ठरतो.

घड्याळाचीही एक गंमत आहे. १ जानेवारी १९८२ रोजी सिंगापूरने आपली घड्याळे अर्धा तास पुढे केली. तेव्हापासून इथला खरा मध्यान्ह बाराला होत नाही, तो एकच्या सुमारास होतो. म्हणजे ऑफिसातली मंडळी जेवायला बाहेर पडून हॉकर सेंटरपर्यंत चालत जातात, तेव्हा सूर्य नेमका माथ्यावर असतो. ‘बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल’ हा आजीने शिकवलेला हिशेब इथे चालत नाही.

हे ऊन कातडीचे काय करते? अतिनील किरणांचा एक प्रकार वरच्या थराला भाजतो. दुसरा आत खोलवर शिरतो आणि कातडीला ताठ ठेवणारे तंतू हळूहळू तोडतो. हा दुसरा प्रकार मोटारीच्या बाजूच्या साध्या काचेतूनही आत येतो. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या एखाद्या काकांचा उजवा गाल आणि उजवा हात डाव्यापेक्षा अधिक काळवंडलेला दिसला, तर आश्चर्य मानू नये; आपल्याकडे चालक उजव्या खिडकीशी बसतो. गोऱ्या माणसाच्या कातडीवर हे नुकसान लवकर सुरकुत्यांच्या रूपाने दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग, वांग आणि असमान रंग आधी येतो.

आता प्रकाशाच्या इलाजाकडे वळू. प्रकाशाने रोग बरा करणे ही काही पार्लरची थाप नव्हे. कातडीच्या क्षयरोगावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार शोधल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर बनवला, आणि काही वर्षांतच तो कातडीवर वापरून पाहिला गेला. परंतु तेव्हा डागाबरोबर आजूबाजूची कातडीही भाजे. त्यावरचा मार्ग १९८३ साली रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी मांडला. तत्त्व सोपे आहे. उन्हात काळे कापड पांढऱ्यापेक्षा लवकर तापते. तसाच डागातील रंगद्रव्याने शोषून घेतला जाईल असा प्रकाश निवडायचा. आणि तापल्या तव्याला बोट लावून चटकन उचलले तर चटका बसत नाही. तसाच हा प्रकाश इतक्या थोड्या वेळासाठी सोडायचा की डाग तापून फुटावा, पण शेजारच्या पेशींपर्यंत उष्णता पोहोचू नये.

पार्लरमध्ये जे ‘आयपीएल’ म्हणून ओळखले जाते (आपली मुले हे नाव ऐकून क्रिकेट समजतात!), ते खरे तर लेझर नव्हे. तो झेनॉन वायूच्या दिव्याचा तीव्र झोत असतो, आणि त्यात एका रंगाऐवजी अनेक रंगांचा प्रकाश मिसळलेला असतो. उन्हाने उठलेले तपकिरी ठिपके आणि नाकागालावरच्या बारीक लाल शिरा यांवर तो चांगला चालतो. ठिपका आधी काळा पडतो, आठवडाभरात खपली होऊन गळतो. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने काही बैठका घ्याव्या लागतात. याशिवाय कातडीला अतिसूक्ष्म छिद्रे पाडून नवी वाढ घडवणारे लेझरही आहेत. त्यांचा उपयोग सुरकुत्या आणि खडबडीतपणा यांवर होतो. योग्य माणसावर, योग्य हातांनी केलेला हा उपचार खरोखर गुण देतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

मग बिघडते कुठे? बिघडते ते आपल्या रंगापाशी. पांढऱ्या धोतरावरचा शाईचा डाग आणि तपकिरी घोंगडीवरचा शाईचा डाग यांत जो फरक, तोच इथे आहे. मशीनचा प्रकाश रंगद्रव्य शोधत येतो. गोऱ्या कातडीत ते बहुतेक डागातच सापडते. आपल्या कातडीत ते सगळीकडे पसरलेले असते, म्हणून डागाबरोबर सगळी कातडीच तापते. भाजले की सावळी कातडी आणखी रंगद्रव्य तयार करून उत्तर देते, आणि एका डागाच्या जागी दोन होतात. त्यातून कातडी नुकतीच उन्हात रापलेली असेल, तर धोका अधिकच वाढतो. आमच्या भगिनींचे नेमके हेच झाले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उन्हाला कातडी कसा प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडण्याची जी पद्धत जगभर वापरतात, ती अमेरिकेच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडली. मुळात ती गोऱ्या लोकांपुरतीच होती. सावळ्या आणि काळ्या कातडीचे पाचवा व सहावा हे प्रकार मागाहून जोडले गेले. आपण बहुतेक मराठी माणसे चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो. म्हणून युरोपातल्या बाईचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो पाहून आपला निकाल ठरवू नये. आपल्यासाठी जाणता डॉक्टर लांब लहरींचा लेझर निवडतो, कारण त्या लहरी वरच्या थरातील रंगद्रव्य कमी शोषते. तो शक्ती कमी ठेवतो, आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर करून पाहतो, आणि काही आठवडे थांबतो. लग्न सहा आठवड्यांवर असताना हे जमणारे नाही, हे आपणही समजून घ्यावे.

वांगाची गोष्ट तर निराळीच आहे. तो निव्वळ उन्हाचा डाग नव्हे. त्यात शरीरातील संप्रेरकांचा, गर्भारपणाचा, गोळ्यांचा आणि घराण्याचाही हात असतो. उष्णतेने आणि प्रकाशाने तो चिडतो. काही काळ फिका पडतो आणि मग दामदुपटीने परत येतो. वांगावर पहिला इलाज म्हणून मशीन पुढे करणाऱ्याला वांग म्हणजे काय ते ठाऊक नाही, असे खुशाल समजावे.

आता थोडे कडू बोलतो, वाचकांनी राग मानू नये. या पॅकेजांच्या मागे पुष्कळदा डागाची चिंता नसतेच, रंगाची असते. भारतात १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव २०२० साली, जगभर टीका झाल्यावर, ‘ग्लो अँड लव्हली’ करण्यात आले. गोरेपणा गेला, चमक आली! आपल्या बेटावरच्या पाट्यांवरही आज ‘गोरे व्हा’ असे कोणी लिहीत नाही. ‘ब्राइटनिंग’ लिहितात, ‘ग्लो’ लिहितात, ‘रिजुव्हनेशन’ लिहितात. उन्हाने झालेले नुकसान दुरुस्त करणे आणि जन्माचा रंग पुसायला निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वैद्यकात बसते. दुसरी कोणत्याही मशीनने साध्य होत नाही, कारण रंग तयार करणाऱ्या पेशी तिथेच राहतात आणि आपले काम पुन्हा सुरू करतात.

ज्या विठोबाला आपल्या आयाबाया पिढ्यान् पिढ्या कौतुकाने ‘सावळा’ म्हणत आल्या, त्याच आयाबाया सून पाहताना ‘रंगाने जरा उजळ हवी’ म्हणतात. आपले आजे-पणजे समुद्र ओलांडून आले, भाषा टिकवली, सणवार टिकवले. त्यांच्याबरोबर आलेला रंग मात्र आपल्याला ओझे वाटतो. वास्तविक या बेटाच्या उन्हात तोच आपली ढाल आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला आई स्वतः पार्लरमध्ये घेऊन जाते, तेव्हा मुलगी काय शिकते? तिच्या कातडीवर अजून उन्हाचा एक डागही नसतो. आपल्या आईला आपला चेहरा पुरेसा वाटत नाही, एवढेच ती शिकते. या जखमेवर लेझर चालत नाही.

कोणी म्हणेल, तुम्हांला उपदेश करायला काय जाते. ज्याच्या कपाळावर डाग त्यालाच त्याचे दुःख. हे बरोबर आहे. डागांमुळे फोटोला उभे राहायचे टाळणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांनी पदरच्या पैशाने इलाज करून घेतला तर त्यात नावे ठेवण्यासारखे काही नाही. आमचे म्हणणे इतकेच, की आधी डाग ओळखावा, मग हात लावावा.

हे ‘ओळखणे’ केवळ सौंदर्यासाठी नाही. सिंगापुरात सर्वाधिक आढळणाऱ्या दहा कर्करोगांत त्वचेचा कर्करोग येतो. चिनी समाजाच्या मानाने आपल्यात तो कमी आहे हे खरे, पण सावळ्या कातडीवर तो उशिरा ओळखला जातो, असा जगभरच्या डॉक्टरांचा अनुभव आहे. त्यातला मेलॅनोमा नावाचा प्रकार सावळ्या माणसांत तळव्यावर किंवा नखाखाली होतो, आणि तिथे उन्हाचा संबंधही नसतो. गायक बॉब मार्ली १९८१ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी गेले, ते पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच रोगाने. एखादा तीळ वाढत असेल, त्याचा आकार वेडावाकडा होत असेल, रंग बदलत असेल, रक्त येत असेल, किंवा एखादी जखम महिनाभरात भरत नसेल, तर तो डाग मशीनखाली मुळीच नेऊ नये. प्रकाशाने वरचा काळेपणा उडून जातो, आतला रोग राहतो, आणि तपासायला नमुनाही उरत नाही.

सुदैवाने या बेटावर ओळखून देणारी माणसे आहेत. पूर्वीच्या मिडल रोड हॉस्पिटलचा वारसा घेऊन १९८८ साली नॅशनल स्किन सेंटर उभे राहिले. ते मंडाले रोडवर आहे. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेल्यास रोगाची तपासणी सवलतीच्या दरात होते. निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचाराला मात्र मेडिसेव्हचा पैसा चालत नाही, हे आधीच ध्यानात ठेवावे. २००८ साली इथे डॉक्टरांसाठी सौंदर्योपचारांची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. लेझर आणि तीव्र प्रकाशझोताचे उपचार करणाऱ्या, त्वचारोगतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनी त्याचे वेगळे शिक्षण घेतलेले असावे, अशी त्यांत अपेक्षा आहे. वैद्यकाची पदवी असलेल्या माणसालाही जर वेगळे शिकावे लागते, तर चार दिवस मशीन पाहून शिकलेल्या मुलीच्या हाती चेहरा कसा द्यावा, याचा विचार प्रत्येकाने करावा. समोरचा डॉक्टर नोंदणीकृत आहे काय, तज्ज्ञ आहे काय, हे सिंगापूर मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत कोणालाही पाहता येते.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. माझ्या चेहऱ्यावर जे आहे त्याचे नाव काय? ते कोणी तपासून ठरवले? मशीन प्रत्यक्ष कोण चालवणार? माझ्यासारख्या रंगाच्या किती लोकांवर तुम्ही हे केले आहे, आणि त्यांचे फोटो दाखवाल काय? बिघडले तर रात्री कोणाला फोन करायचा? या पाचांपैकी एकाचेही उत्तर नुसत्या हसण्याने मिळाले, तर नमस्कार करून बाहेर पडावे. ‘आजच भरले तर निम्म्या किमतीत’ असे म्हटले गेले, तर अधिकच लवकर बाहेर पडावे. ग्राहक संघटना ‘केस’कडे येणाऱ्या तक्रारींत सौंदर्य-व्यवसाय वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांत असतो, आणि त्यातल्या कितीतरी तक्रारी आगाऊ भरलेल्या पैशांविषयीच असतात.

शेवटी घरगुती उपायांविषयी. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास कातडी भाजून काळे चट्टे उठतात, म्हणून ते कधीही करू नये. हळद-बेसन लावायला हरकत नाही, पण त्याने उन्हाचे डाग जात नाहीत. मैत्रिणीने दिलेले बिनलेबलाचे गोरे करणारे मलम तर घरातच ठेवू नये. अशा मलमांत पारा किंवा स्टिरॉइड सापडल्याचे इशारे इथल्या आरोग्य खात्याने वेळोवेळी दिले आहेत.

आणि प्रकाशाचा कितीही महागडा इलाज केला, तरी बाहेर तेच ऊन उभे आहे. थंड देशांत लोक असे उपचार हिवाळ्यात करून घेतात. आपल्याला हिवाळाच नाही. उपचारानंतरची नाजूक कातडी उघडी घेऊन दुपारी एक वाजता बाहेर पडणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. छत्री, रुंद काठाची टोपी, लांब बाह्या, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचे ३० किंवा अधिक क्रमांकाचे सनस्क्रीन, एवढे ज्याने पाळले नाही त्याने मशीनवर एक डॉलरही घालवू नये. आपल्या चिनी शेजारणी भर उन्हात छत्री उघडतात तेव्हा आपल्यातले पुरुष हसतात. हसणे पुरे झाले. छत्री त्यांनीही घ्यावी.

आमची एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटण्याऐवजी घडीची छत्री किंवा सनस्क्रीनची ट्यूब वाटावी, आणि त्याच दिवशी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला बोलावून अर्धा तास प्रश्नोत्तरे ठेवावीत. आमच्या त्या भगिनींनी पहिल्या वीस छत्र्या आपल्याकडून देण्याचे कबूल केले आहे. त्यांच्या गालांवरचा वांग अजून आहे. परवा नातीच्या बारशाच्या फोटोत मात्र त्या अगदी पुढे, मेकअपशिवाय, हसत बसल्या होत्या, आणि तो फोटो आम्हांला लग्नातल्या सगळ्या फोटोंपेक्षा आवडला.